तिसऱ्या सिलिंडरवरची रेघ

लहान विमानाचं इंजिन तापत होतं आणि मधेच खोकत होतं. पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय, एवढं उघड होतं. रविवारी माझी मुलगी ते विमान पहिल्यांदा एकटी उडवणार होती, म्हणून मी कार्बोरेटर तीनदा खोलला. जाळी स्वच्छ, जेट मोकळा, फ्लोटही बरोबर.

"बाबा, चौथ्यांदा खोललात तर त्याला तुमची सवय लागेल," मुलगी म्हणाली. "हवा त्याच्या पुढे कुठून तरी शिरत असेल तर?"

तिनं ब्लोअरनं आत हवा भरली आणि सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या रबरी जोडावर बुडबुडे आले. त्याच्या स्क्रूवरून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ होती. स्क्रू हलला की ती तुटते. ही अखंड होती.

"हा जोड तुम्ही पाहिलाच नाहीत?"

"तुझ्या आईनं तपासलाय तो. स्क्रू तसूभरही हललेला नाही."

"स्क्रू नाही हलला. आतलं रबर वाळलंय."

मी आवळायचो, बायको तपासायची आणि रेघ ओढायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या एकाही रेघेला मी हात लावला नव्हता.

मुलीनं ब्लोअर बंद केला. मग म्हणाली, "बाबा, आई दर वर्षी आधी जुनी रेघ पुसायची. मगच तपासायला घ्यायची."

मी चिंधी थिनरमध्ये भिजवली आणि पहिल्या सिलिंडरपासून सुरुवात केली.