एकही फुली नाही

नर्सबाईंचा आजचा हा सदतिसावा फोन होता. गुडघा बदललेल्या पेशंटांना तेच प्रश्न विचारून विचारून त्यांची जीभ झिजली होती. हे आजोबा म्हणजे मात्र विसावा. तीन महिने त्यांच्या तक्त्यात तक्रारीची एकही फुली नव्हती. “सूज आहे?” “नाही.” “जखमेतून पाणी येतं?” “नाही.” “कुठे पडलात वगैरे?” “छे हो!” तक्ता बाजूला सारत बाईंनी सहज विचारलं, “आता वॉकर सुटला असेल ना?” “त्याच्यावर सूनबाई टॉवेल वाळत घालते.” “वा! म्हणजे नुसत्या काठीवर फिरता?” “फिरतो कुठला? पलंगावरच असतो.” बाईंनी तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. “म्हणजे घरी गेल्यापासून उभेच राहिला नाहीत?” “कसा राहीन? घरी सोडताना तुम्हीच हात धरून बजावलं होतंत ना,” आजोबा अभिमानानं म्हणाले, “‘काहीही करा, पण पडू नका.’ एकदासुद्धा पडलो नाही बघा, बाई.”