यारीवरचा माणूस

"फारूखभाऽई!"

तौफिकनं विहिरीच्या तळातून हाळी दिली आणि गाळानं भरलेला डोल डुलत डुलत वर गेला. शहागंजात हातगाडीवर भाजी विकून कमावलेला आवाज तो. शेजारी उभ्या सूर्यभाननं ते नाव कानाआड केलं आणि पहार उगाचच जोरात कपारीवर आपटली.

रीतच तशी होती. गावच्या विहिरीचा गाळ काढायला घरटी एक माणूस, आणि यारीवर बसलेल्याचं नाव घेतल्याशिवाय डोल हलवायचा नाही. तळात चारजण एकदम ओरडतात, आवाज घुमतो, कोण 'ओढा' म्हणालं आणि कोण 'थांबा', वर काही कळत नाही. मागं अशाच घोळात एकाचा पंजा डोलाखाली चिरडला होता. तेव्हा गावातले जुने गवंडी, सांडूआबा, यांनी नियम घालून दिला. नाव ऐकलं तरच ओढायचं.

नेहमीचा रामेश्वर आज नेमका बिडकीनला कंपनीत ड्युटीवर गेला आणि यारीवर फारूख बसला. यारी म्हणजे इंजिनाच्या जोरावर वायरीनं डोल ओढून गाळ उपसायची मशीन. दुसरी यारी त्या दोघांत कधीचीच आटली होती. सूर्यभानची मेंढरं फारूखच्या कांद्यात शिरली, फारूखनं ती कोंडवाड्यात घातली आणि तिथं उन्हानं दोन गाभण मेंढ्या दगावल्या. सूर्यभाननं पारावर चारचौघांत बिरोबाची आण घेतली होती, "ह्याचं नाव पुन्यांदा माझ्या तोंडात येणार नाय." तेव्हापासून घरातसुद्धा विषय निघाला, तर 'त्या कांदेवाल्याचा' निघायचा.

दुपारी जेवणाची वेळ झाली. तळातले एकेक करून वर गेले.

"काका, चला की. आक्काबाईनं पिठलं आणलंय," तौफिक डोलात बसता बसता म्हणाला.

"तू हो म्होरं. मी एवढी कपार मोकळी करतो."

वर गेलं की कांदेवाल्याच्या पंगतीला बसावं लागणार. त्यापेक्षा भूक बरी. तौफिकला पोचवून रिकामा डोल परत खाली आला. वर इंजिन धडधडतच होतं. भाकरी खाताना तरी बंद करावं की नाही? पण गावाचं डिझेल जळतंय, त्याच्या बापाचं काय जातंय, असं म्हणून सूर्यभाननं पहार उचलली.

कपार उघडली. बुजलेला झरा सुटला आणि थंडगार पाणी त्याच्या पायांवर आलं. त्याला इतका आनंद झाला की तो भूक विसरला. पण पाण्यामागून माती वाहू लागली. वरून एक दगड सुटून पाठीमागं पडला. मग दुसरा. त्यानं मान वर केली. विहिरीच्या बांधकामाला पोट आलं होतं, भिंत आत फुगली होती.

पळायला गेला तर पाय गुडघ्यापर्यंत गाळात. "अरं, कुणी हाय का वर?" इंजिनाच्या धडधडीत त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. वहाण गाळातच सोडून त्यानं पाय उपसला, कसाबसा डोलात चढला आणि वायर दोन्ही हातांनी आवळली. आता फक्त एक नाव हवं होतं.

डोळ्यांपुढं बिरोबा आला. त्या दोन मेंढ्या आल्या. मग दारात उभी असलेली बायको, सुलेखा आली. जीव वाचवायला खोटं बोललं तर चालतं म्हणतात. शपथ मोडली तर चालतं का, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"फा... फारूख!"

नाव घोगरं, घशातल्या घशात निघालं. डोलाला हिसका बसला. तो अर्ध्यात आला असेल-नसेल, तोच खाली भिंत धबकन बसली.

लिंबाखालची पंगत पिठल्याच्या हातानं धावत आली. सूर्यभान काठावर टेकला. भीतीपेक्षा शरम जास्त वाटत होती. फारूखकडं न बघताच तो म्हणाला, "घेतलं तुझं नाव. झालं समाधान?"

"कवा?" फारूख म्हणाला. "मला नाय ऐकू आलं."

सांडूआबा भडकले. "नाव ऐकलं नाय, मंग डोल हलवला कसा? नियम कशाला केलाय आपण?"

"भार आला, वायर ताणली, तवा ओढला."

सूर्यभाननं आता कुठं वर पाहिलं. फारूखचा हात अजून दांड्यावरच होता. त्याच्या भाकरीचं फडकं शेजारी बांधलेलं तसंच पडलं होतं.

"हा माझं नाव घ्यायचा नाय, मला ठाऊक व्हतं, आबा," फारूख म्हणाला. "म्हणून तर इंजिन बंद केलं नाय."