मारेगावात अळी नाही

डेटाबेसच्या संशोधनात डॉ. अतुलचं नाव झालं ते एका नियमावर: जे नोंदीत नाही, ते नाहीच. याच नियमावर त्यानं डॉक्टरेट मिळवली, परदेशात भाषणं ठोकली, आणि कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या वर्षी शेतकऱ्यांच्या तक्रारी गोळा करणारं ॲपही बांधलं. अख्ख्या जिल्ह्यातून तक्रारी धो धो आल्या, त्याच्या स्वतःच्या मारेगाव तालुक्यातून मात्र एकही नाही. झालं! साहेबलोकांनी तालुका अळीमुक्त ठरवला आणि तिथंच त्याचा सत्कार ठेवला.

भर सत्कारात त्याचे सख्खे काका, उकंडाजी, उभे राहिले. "अळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली, अन् तू नाही काहून म्हणून राह्यला?"

"काका, तुम्ही ॲपवर तक्रार टाकली होती का?"

"वावरात रेंजच नाही, तं टाकू कोठून?"

"मग तक्रार नाही. आणि तक्रार नाही म्हणजे अळी नाही," अतुलनं प्रेमानं समजावलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, काका खाली बसले.

मग अतुलच्या हाती फुलांऐवजी तिथल्याच वावरातल्या बोंडांचा गुच्छ दिला गेला. फोटोवाला "इकडे पाहा, सर" म्हणतो न म्हणतो, तोच एका बोंडातून गुलाबी अळी निघाली आणि डॉक्टरसाहेबांच्या बाहीवर चालू लागली.



अतुलनं हसतमुखानं ती झटकली, बुटाखाली रगडली, आणि मारेगावातल्या अळ्यांचा आकडा पुन्हा शून्यावर आणला.