तीन जावांचा वग

“हा पण तोच!” हौसाकाकूंनी मृदुंगावरचा हात उचलला. तालीम थांबली.

देवळासमोरच्या सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, तीन नवरे उभे होते. सानिका, नम्रता आणि ज्ञानेश्वरी. तिघींना काजळाच्या मिशा, तिघींच्या हातात बॅग. तिघेही एकामागून एक “आलो गोऽऽ” करत आले होते. पोरांना खाऊ वाटला होता, पाणी मागितलं होतं आणि आमटीत मीठ कमी म्हणून आवाज चढवला होता.

“मिशी बदलून माणूस बदलतो काय गो?” हौसाकाकू वग रचणाऱ्या विमलाकडे वळल्या. “तुझ्या बायका बघ कशा उतरल्यात!”

बायका खरंच उतरल्या होत्या. महिला नमन मंडळाचा हा पहिलाच नवा वग. विमलानं त्या तीन जावा भात झोडताना, पाणी शेंदताना रचल्या होत्या. त्यांच्या प्रवेशाचं गाणं गावातल्या पोरी आताच गुणगुणायला लागल्या होत्या.

थोरली बोलंल तर पाट वाहील,
मधली वाढंल तर टोप भरला राहील,
धाकटी बाय गो, पान हललं नि उंबऱ्यात राहील.

“रविवारी मांडवीला प्रयोग हाय,” हौसाकाकू म्हणाल्या. “शहरातली माणसं तिकीट काढून बघणार. तोवर याचे तीन नवरे झाले तर ठीक. नायतर जुनाच वग करू.”

“पण काकू, माझा नवरा असाच येतो,” नम्रता सुटलेली मिशी दाबत म्हणाली.

“माझा बाप पण!” सानिका.

सगळ्या खिदळल्या. हौसाकाकूही हसल्या, पण जरा उशिरा.

“आमचे पण असेच यायचे मुंबैवरनं. दर शिमग्याला मी खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण करायची, ओल्या खोबऱ्याचं वाटप घालून, अगदी हौसेनं. मग रिटायर होऊन कायमचे घरी आले. एक दिवस हळूच म्हणतात, मला तिसऱ्या आवडत नाहीत. म्हटलं, मग इतकी वर्षं खाल्ल्यात कशाला? तर म्हणतात, तू समोर बसून बघायचीस ना.” त्यांनी मृदुंगाची दोरी उगाच घट्ट केली. “जा आता घरी. उद्या बघू.”

विमला कातळावरच्या पायवाटेनं निघाली. चालता चालता ती आपल्या नवऱ्याला, बाबूला, वगात आणायला बघत होती. तो मुंबईहून गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. बॅग. मोठा आवाज. पुढे? पुढे काहीच येईना. पोरगा कॉलेजात गेला, आणि ज्याच्या नावाचं कुंकू लावलं त्याच्याबद्दल तिला एक ओळ सुचत नव्हती. मांडवीच्या प्रयोगाची भीती मागेच राहिली. ही भीती वेगळी होती.

तिनं काजूच्या सावलीत बसून फोन लावला.

“काय झालं?” बाबू घाबरून म्हणाला. “आई बरी हाय ना?”

“सगळी बरी हायत. मला जरा विचारायचं व्हतं. वगातल्या नवऱ्यासाठी.” तिला हसू आलं आणि लाजही वाटली. “तुम्ही सुट्टीच्या दिवशी काय करता, ओ?”

“कपडे धुतो.”

“आणि?”

“आणि काय? वाळत घालतो.”

“असा नवरा कोण बघंल तिकीट काढून? खरं सांगा काय ते.”

बाबू सांगायला लागला, अडखळत, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसा. त्याला लिफ्टची भीती वाटते. ऑफिसातली पाकिटं तो जिन्यानं वर नेतो आणि व्यायाम करतो म्हणून सांगतो. खोलीतली गाववाली मंडळी त्याला मुका म्हणतात.

“मुका? तुम्ही?” विमला म्हणाली. “हिते आलात की वाडीभर आवाज जातो तुमचा!”

“तिथं दिवस थोडे असतात. मोठ्यानं बोललं, की जास्त बोलल्यासारखं वाटतं.”

विमलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आणखी सांगा.”

“खिडकीत तेलाच्या डब्यात अबोली लावलीय. पोरं चिडवतात, कुणाला माळतोस म्हणून.”

“कुणाला माळता?”

“कुणाला माळणार? झाडावरच सुकते.”

खालून, खाडीकडून, वारा आला. विमलाचा नवरा आता बॅग खाली ठेवून तिच्यासमोर उभा होता, आणि त्याची मिशी कशीही असती तरी तिनं त्याला ओळखलं असतं.

“झाला का तुझा नवरा?” बाबूनं विचारलं.

“झाला,” ती म्हणाली. “बरा हाय.”

“आणि बायका? त्या कशा केल्यास?”

मग तिनं सांगितलं. थोरली हौसाकाकूंवरून घेतली. मधली शेजारच्या घरातली, नाव घेत नाही. भित्री धाकटी म्हणजे नम्रता, पण तिला अजून ते कळलेलं नाही. प्रत्येकीला बाबू खदखदून हसला. इतका हसणारा बाबू तिनं कधी ऐकला नव्हता.

“आणि यातली तू कुठची?”

विमलानं तिघींना एकेक करून मनात उभं केलं. थोरलीत बघितलं, मधलीत बघितलं, धाकटीतही बघितलं.

“मी नाय त्यात,” ती म्हणाली.

तिकडे ताटल्यांचा आवाज झाला. कुणीतरी हाक मारली, बाबू, भात निवतोय, चल लवकर.

“तुम्ही बसा रे जेवायला, माझी वाट बघू नका,” बाबू म्हणाला. मग दार ओढल्याचा आवाज आला आणि त्याचा आवाज अगदी जवळ आला. “हां विमल. आता चौथी सांग.”