धुतलेली मुळं

“पुरावा धुऊन टाकलात तुम्ही! चोरी केलीत, साहेब. तीही दिवसाढवळ्या.”

वनस्पती संस्थेच्या संचालकांच्या खोलीचं दार तिने ठोठावलंही नव्हतं. हातात नमुन्याचा जाड कागद. त्यावर पिवळ्या फुलांचं एक रानरोप, दाबून वाळवलेलं, टाके घालून बसवलेलं. मुळं तर अशी विंचरलेली, जणू लग्नाला निघालीत.

“आधी बसा,” साहेब म्हणाले. “आवाज खाली. समिती येईलच इतक्यात.”

“आणि तिला दाखवू काय? तुमचं डोकं?”

टेकडीवर खाणीला परवानगी द्यायची का, ते समिती आज ठरवणार होती. टेकडी वाचली तर याच रोपावर वाचणार होती. ही नुसती नवी जात नाही, अख्खी नवी प्रजाती आहे, आणि त्या टेकडीशिवाय कुठेच नाही, हे तिने शोधून काढलं होतं. दिसायला साधं फूल. पान हिरवंगार, आपलं अन्न आपण करणारं. पाणी मात्र शेजारच्या गवताच्या मुळाला गाठ मारून ओढणारं. अर्धं परजीवी. जमिनीखालचं बांडगूळच म्हणा. तसल्या गाठी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच फुलाला नव्हत्या. म्हणून तिने ते गवतासकट, ढेकळासकट उचलून आणलं होतं. कपाटातले जुने नमुने कुचकामी. प्रत्येकाची मुळं धुतलेली, गवत परकं म्हणून छाटलेलं. इथली पद्धतच ती. स्वच्छ तेवढं चांगलं! म्हणून तर हे झाड इतकी वर्षं भलत्याच नावाखाली पडून होतं.

नवं रोप आणायचं तर टेकडीला खाणवाल्यांचं कुंपण पडलेलं. साहेबांच्या टेबलावर संस्थेच्या नव्या इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. तीही खाणवालेच बांधून देणार. आणखी काय सांगायचं?

“माझ्याकडे फोटो आहेत.”

“फोटोला मुळं नसतात, मॅडम. समितीला नमुना लागतो.”

“मग कुणी धुतलं ते सांगा. समितीसमोर उभा करते त्याला. नोकरी घालवते त्याची.”

“त्याची नोकरी केव्हाच संपली,” साहेब म्हणाले आणि त्यांनी बेल वाजवली.

दारात तिचे वडील उभे राहिले. याच संस्थेत जन्मभर नमुने बसवून निवृत्त झालेले. आज इस्त्रीचा सदरा घालून आले होते. लेकीची समिती होती ना.

“बाबा? तुम्ही?”

“मग काय! काल तू बाहेर गेली होतीस. साहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, पोरीचा मोठा दिवस आहे, तुमचाच हात लागू दे. केवढं गवत गुंतलं होतं गं! कोमट पाण्यात भिजवून एकेक धागा सोडवला. तू शोधलेलं झाड, ते असं घाणेरडं पाठवू?” कागदाकडे बघून ते हसले. “जमलंय ना?”

तिने कागद हळूच टेबलावर ठेवला. म्हातारा लहान पोरासारखा शाबासकीची वाट पाहत होता. खरं बोलावं तर याच्या जन्मभराच्या हातावर डाग. गप्प बसावं तर टेकडीवर सुरुंग.

साहेब खुर्चीत आरामात रेलले. “बोला मॅडम. करा उभं समितीसमोर.”

“काही चुकलं का गं माझं?” बाबांचा चेहरा उतरला. “मुळांना चिकटलेल्या त्या बारीक गाठी तेवढ्या निघेनात बघ. माझी नजर आता कुठे पोचते? पण साहेब शेवटपर्यंत शेजारी बसले. भिंग त्यांनीच धरलं. ही राहिली, ती राहिली, असं एकेक गाठ बोटाने दाखवत होते. एवढा मोठा माणूस, पण कंटाळला नाही गं.”

साहेबांची खुर्ची सरळ झाली.

बाहेर समितीची माणसं जिना चढत होती. तिने बाबांचा हात घट्ट धरला, दुसऱ्या हाताने दार सताड उघडलं आणि जिन्यातही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“भिंग तुमच्या हातात होतं, साहेब. कुठल्या गाठी दाखवत होतात? सांगा यांना.”