वीतभर जागा

हौसाक्का लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. शेजारच्या विमलला म्हणाल्या, "माझ्या तीन कोंबड्या ठेवून घेशील का गं, परत येईपर्यंत?"

विमलला ती राखण नको होती. पण तसं तोंडावर कसं सांगायचं? खुराड्यातल्या दांडीला हाताची वीत लावत ती मोठ्या मायेनं म्हणाली, "एकीला वीतभर जागा लागतीच, अक्का. माझ्या सहाच कशाबशा मावतात. दाटी झाली की टोचून टोचून जीव घेतात एकमेकींचा."

"मग नको बाई. मुक्या जिवांचे हाल नकोत," म्हणत हौसाक्कांनी दुसऱ्या दिवशी तिन्ही बाजारात नेऊन विकल्या.

संध्याकाळी त्या पिशवी घेऊन आल्या. "कण्या उरल्यात. आता माझ्याकडं कोण खाणार? तुझ्या पोरींना घाल."

विमल खुराड्याचं दार लावतच होती. तिनं घाईनं पदर आडवा केला, पण हौसाक्का वाकल्याच. सहाही कोंबड्या दांडीच्या एका टोकाला अंगाला अंग चिकटवून बसल्या होत्या. उरलेली अर्धी दांडी मोकळी होती.

हौसाक्कांनी त्या मोकळ्या दांडीवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाल्या, "थंडी पडलीय ना, म्हणून बिलगल्यात."

पिशवी घेताना विमलला मान वर करता आली नाही. त्या गेल्यावर तिनं खुराड्यात हात घालून एकेकीला वीत-वीत अंतरावर सरकवलं. कोंबड्या कुरकुरल्या, आणि सरकत सरकत पुन्हा एकमेकींना जाऊन बिलगल्या.