सातव्या महिन्याचा चुडा

डोहाळजेवणाच्या दुपारी कासारीण केतकीच्या हातात हिरवा चुडा भरत होती. हल्लीच्या बांगड्या अंगात शिसं भिनलेलं असलं की काळ्या पडायच्या. पहिली काळी पडली. दुसरीही.

"माल खोटा आहे तुझा!" सासूबाई कडाडल्या. "सात महिने हिला नळाचा थेंब दिलेला नाही. सीलबंद बाटलीतलंच पाणी देते मी!"

"मग तुमच्या हातात बघू," म्हणत कासारणीने तीच काळी बांगडी सासूबाईंच्या मनगटावर चढवली. ती बघता बघता हिरवीगार झाली.

केतकीचा हात पोटावर गेला. "आई, तुम्ही बाटलीतलं पीत नाही?"

"तुला कमी पडू नये म्हणून मी नळाचंच पीत होते गं," म्हणत सासूबाई ती बांगडी ओढू लागल्या. ती काही केल्या निघेना.